खिडकीतल्या जेवणापासून जागतिक यादीपर्यंत

बारावीचा निकाल लागला की बोरीवलीतल्या कितीतरी घरांत पुण्याचा विषय निघतो. नॅन्सी कॉलनीच्या डेपोतून शिवनेरी पकडली की थेट स्वारगेट. मुलगी होस्टेलला राहिली तरी शनिवार-रविवार घरी काढू शकते. या बोलण्यात सिम्बायोसिसचे नाव हमखास येते आणि मग कोणीतरी मोबाइलवर क्रमवारी काढून दाखवते. विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या ‘क्यूएस’च्या २०२५ च्या जागतिक यादीत हे विद्यापीठ ६४१ ते ६५० या गटात होते. क्रमांक खालचा वाटतो खरा, पण ती यादी आली तेव्हा स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळून त्याला जेमतेम बावीस वर्षे झाली होती.

संस्थेची पत मात्र त्याहून जुनी आहे.

सिम्बायोसिसचे संस्थापक डॉ. शां. ब. मुजुमदार मूळचे गडहिंग्लजचे. फर्ग्युसन महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टरही होते. एक मुलगी रोज येऊन एका खोलीच्या खिडकीतून काहीतरी आत देते, हे त्यांनी पाहिले. काही भानगड असावी असे समजून ते चौकशीला गेले, तर आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळलेला. परक्या गावात त्याला पथ्याचे अन्न देणारे दुसरे कोणी नव्हते. हा प्रसंग मुजुमदारांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. परदेशी विद्यार्थ्यांना पुण्यात आपले माणूस मिळावे म्हणून १९७१ मध्ये त्यांनी सिम्बायोसिस सुरू केली. पदवी, अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा यांपैकी तेव्हा काहीच नव्हते. संस्थेच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आला तो या आजारपणातून, आणि तिच्या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

पुढे १९७७ मध्ये विधी महाविद्यालय निघाले, १९७८ मध्ये व्यवस्थापन संस्था. एमबीए हा शब्द मध्यमवर्गीय घरांत रुळण्याच्या आधीचा हा काळ. इथून बाहेर पडलेली मुले मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत लागली, वर चढली आणि भरतीसाठी पुन्हा आपल्याच संस्थेकडे वळली. नाव असे माणसामाणसांतून पसरत गेले. त्याला पंचवीस वर्षे लागली. २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तेव्हा परीक्षा आणि अभ्यासक्रम संस्थेच्या हाती आले. पुढे लवळ्याच्या टेकडीवर मोठा परिसर उभा राहिला, नाशिक, बेंगळुरू, हैदराबाद, नोएडा, नागपूर इथे शाखा निघाल्या, २०२० मध्ये मुलींसाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि २०२४ मध्ये दुबईतही वर्ग भरले.

आता यादीचे गणित. ‘क्यूएस’ शंभरांतले ३० गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मतांना देते आणि १५ नोकरी देणाऱ्यांच्या मतांना. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण केवळ लौकिकाचे. प्राध्यापकांची मते दीड लाखाहून अधिक असतात. स्वतःच्या संस्थेला मत देता येत नाही आणि पाच वर्षांची मते एकत्र धरली जातात. तरुण विद्यापीठाची खरी अडचण इथे आहे. साओ पावलो किंवा सोलमधल्या प्राध्यापकाने पुण्याच्या संस्थेचे नाव घ्यायचे, तर तिचे शोधनिबंध त्याच्या वाचनात आलेले असायला हवेत. संशोधनाच्या उल्लेखांना आणखी २० गुण असतात. शिकवण्यावर आणि नोकऱ्यांवर वाढलेल्या संस्थेला म्हणूनच प्रयोगशाळा, पीएचडीचे विद्यार्थी आणि संशोधन करणारे अध्यापक यांची वेगळी उभारणी करावी लागते, आणि ते एका अंदाजपत्रकात उरकत नाही.

परदेशी विद्यार्थ्यांचे गुण किती? पाच. तेही त्यांच्या प्रमाणाचे. आजारी मुलाला वेळेवर पथ्याचे जेवण मिळते का, याला रकाना नाही.

गुणांची घाई माणसाला कुठे नेते, हेही पाहायला हवे. २०२३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठाने आपल्या एका ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञाला तेरा वर्षांसाठी निलंबित केले. पूर्णवेळ नोकरी तिथे असताना तो सौदी आणि रशियन संस्थांचे नाव लावून निबंध छापत होता, म्हणजे उल्लेखांचे गुण त्या संस्थांच्या खात्यात जात. बोरीवलीपासून फार दूर नसलेल्या पवईच्या आयआयटीने २०२० मध्ये दुसरी वाट धरली. इतर सहा आयआयटींसह तिने ‘टाइम्स हायर एज्युकेशन’च्या यादीतून बाहेर राहायचे ठरवले, गुण देण्याची पद्धत पारदर्शक नाही, हा त्यांचा आक्षेप होता. ‘क्यूएस’च्या २०२५ च्या यादीत याच पवईचा क्रमांक ११८ होता. एका यादीला नकार देण्याची ही ताकद जुन्या लौकिकातून येते. नव्या विद्यापीठाला ती चैन परवडत नाही.

पालकांनी एक मात्र जरूर करावे: एकूण क्रमांकावर न थांबता विभाग पाहावा. केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’च्या २०२४ च्या यादीत पुण्याचे सिम्बायोसिस विधी महाविद्यालय देशात पाचवे होते, विद्यापीठांच्या यादीत मात्र सिम्बायोसिसचे नाव पहिल्या पंचविसांत नव्हते. कायदा शिकू पाहणाऱ्या मुलीला यांतला पहिला आकडा कामाचा. लाखांतले शुल्क भरण्याआधी तिथल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना फोन लावला, तर त्याहून अधिक कळेल.

या क्रमांकांना आता कायद्याचेही वजन आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार, भारतात शाखा उघडू पाहणारे परदेशी विद्यापीठ एकूण किंवा विषयवार जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असावे लागते, नाहीतर एखाद्या क्षेत्रात त्याचे विशेष प्रावीण्य असावे लागते. १४ जून २०२५ रोजी मुंबईत ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइन संस्था अशा पाच संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. मुंबई आणि नवी मुंबई परिसरात त्यांचे वर्ग भरू लागले, की आजवर शिवनेरीने पुण्याला जाणाऱ्या मुलांसमोर घराजवळचा पर्याय असेल आणि सिम्बायोसिसला आपली मुले त्यांच्याशी झगडून मिळवावी लागतील.