कर्नाळा बंद, खिडकी उघडी: कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत पक्षीनिरीक्षकांनी काय केलं?

मार्च संपत आला की कोकणात पक्ष्यांचा आवाज वाढतो. कोकीळ पहाटेपासून सुरू होतो, तांबटाचं 'टुक टुक' भर दुपारीही थांबत नाही आणि दयाळ छतावरच्या डिश अँटेनावर बसून गात राहतो. पनवेल परिसरातल्या पक्षीनिरीक्षकांसाठी हे दिवस म्हणजे रविवारी पहाटेचा गजर, चहाचा थर्मास आणि मुंबई-गोवा महामार्गावरचं कर्नाळा.

2020 मध्ये हे सगळं दोन आठवड्यांत थांबलं. 9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही महामारी असल्याचं जाहीर केलं. मार्चच्या मध्यापासून राज्यातली अभयारण्यं पर्यटकांसाठी बंद होऊ लागली. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि 25 मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर लॉकडाऊन सुरू झाला.

नुसता छंद थांबला असता तर लोकांनी दुर्बिणी कपाटात ठेवल्या असत्या आणि विषय संपला असता. पण पक्षी पाहणाऱ्यांपुढे त्या वेळी काही खास प्रश्न उभे राहिले. पक्ष्यांपासून हा रोग होतो का? एकट्याने जंगलात गेलं तर काय बिघडतं? आणि लोक मरत असताना पक्षी मोजत बसणं बरं दिसतं का? या प्रश्नांची उत्तरं कशी मिळत गेली, ते पाहू.

कर्नाळ्याचं एवढं काय?

पनवेलपासून साधारण 12 किलोमीटरवर, अंगठ्यासारखा सुळका असलेल्या किल्ल्याभोवती हे अभयारण्य आहे. 1968 मध्ये ते जाहीर झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं पक्षी अभयारण्य. क्षेत्र लहान, आज सुमारे 12 चौरस किलोमीटर. पण मुंबई आणि नवी मुंबईच्या इतक्या जवळ दाट जंगल असल्याने इथे वर्षभर वर्दळ असते. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक, भृंगराज, शामा, माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर इथे भेटतात. मेअखेरीस पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, तेव्हा त्याच्यासाठी लोक मुद्दाम वाट वाकडी करतात.

म्हणजे दारं बंद झाली ती नेमकी हंगामाच्या तोंडावर.

पहिली भीती: पक्ष्यांमुळे कोरोना होतो का?

आज हा प्रश्न ऐकून हसू येईल. तेव्हा येत नव्हतं. फेब्रुवारी 2020 पासूनच 'कोंबडीमुळे कोरोना होतो' अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. चिकनची मागणी घसरली, कुक्कुटपालकांचं कंबरडं मोडलं आणि असा काही संबंध नसल्याचा खुलासा सरकारी यंत्रणांना करावा लागला. त्यातच मार्चमध्ये केरळच्या कोळिकोड भागात बर्ड फ्लू आढळला. बर्ड फ्लू आणि कोरोना हे वेगवेगळे विषाणू आहेत, पण दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात आल्यावर लोकांच्या मनात त्यांची सरमिसळ झाली. गॅलरीत पाण्याचं भांडं ठेवणाऱ्याला शेजारी विचारू लागले, "हे बंद करा ना, रोग येईल."

शास्त्रीय उत्तर असं. कोरोना विषाणूंचे अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा असे चार मोठे गट आहेत. (पुढे आलेल्या 'डेल्टा' व्हेरियंटशी या गटाचा संबंध नाही.) पक्ष्यांमध्ये प्रामुख्याने गॅमा आणि डेल्टा गटांतले विषाणू आढळतात. कोंबड्यांना होणारा संसर्गजन्य ब्राँकायटिस हा गॅमा गटातला जुना, माहितीतला आजार. कोविडचा विषाणू मात्र बीटा गटातला. एप्रिल 2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात चिनी संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी वेगवेगळ्या प्राण्यांना मुद्दाम हा विषाणू दिला होता. फेरेट आणि मांजर यांना संसर्ग झाला, कोंबडी आणि बदक यांच्यात मात्र तो टिकला नाही.

म्हणजे घाबरायचं होतं ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला. दयाळाला घाबरण्याचं कारण नव्हतं.

दुसरी भीती: आपणच रोग घेऊन गेलो तर?

ही भीती जास्त खरी होती. पक्षीनिरीक्षण वरवर एकट्याचा छंद वाटतो, पण तो चालतो गटाने. एका गाडीत पाच जण, एकच डबा, आणि एखादा दुर्मीळ पक्षी दिसला की डोळ्याला लावलेली दुर्बीण लगेच दुसऱ्याच्या हातात. गटातली जाणती मंडळी बहुतेक वेळा साठीच्या पुढची. विषाणूला याहून सोयीचं काय हवं?

त्यात पनवेलचं स्थान. इथून रोज हजारो लोक मुंबईत कामाला जातात. पोलीस, परिचारिका, बसचालक, सफाई कामगार यांचं जाणं लॉकडाऊनमध्येही थांबलं नाही. एप्रिलच्या सुरुवातीलाच मुंबई विमानतळावर तैनात असलेल्या आणि पनवेल परिसरात राहणाऱ्या 11 सीआयएसएफ जवानांना लागण झाल्याचं समोर आलं. रोग दूरच्या देशातून थेट शेजारच्या वसाहतीत आला होता.

दुसरीकडे, जंगलाच्या पायथ्याशी ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. तिथून मोठं रुग्णालय गाठायचं तर पनवेलच. अनेक गावांनी तेव्हा वेशीवर बांबू आडवे टाकून बाहेरच्यांना येऊ देणं बंद केलं होतं. "मी एकटाच जातो, कुणाला भेटत नाही" हा युक्तिवाद इथे फसतो. वाटेत गाडी बंद पडली, पाय मुरगळला, तर मदतीला येणार ते वाडीतलेच लोक. त्यामुळे न जाणं हीच त्या वेळची जबाबदारी होती, आणि बहुतेकांनी ती पाळली.

मग केलं काय?

जगभरात साधारण एकच उत्तर निघालं: घरातून दिसेल तेवढंच पाहायचं. ब्रिटनमध्ये 'सेल्फ-आयसोलेटिंग बर्ड क्लब' सुरू झाला. भारतात 'बर्ड काउंट इंडिया'ने घरूनच नोंदी करण्याचं आवाहन केलं. पद्धत सोपी होती. खिडकीत, गॅलरीत किंवा गच्चीवर किमान 15 मिनिटं बसायचं. दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या, ओळखता येतील त्या सगळ्या जाती लिहायच्या. कावळा आणि पारवासुद्धा. मग ती यादी 'ई-बर्ड' या जागतिक नोंदवहीत टाकायची.

कावळा का लिहायचा? कारण फक्त दुर्मीळ पक्षी लिहिले तर त्या यादीवरून नेहमीच्या पक्ष्यांचं काय चाललंय ते कळत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये, म्हणजे लॉकडाऊनच्या जेमतेम महिनाभर आधी, भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला मोठा अहवाल आला. त्यात 867 जातींचा विचार होता आणि त्याचा पाया होता हौशी निरीक्षकांनी केलेल्या एक कोटीहून अधिक नोंदींचा. चिमणी देशभरात सरसकट नाहीशी होत नसून मोठ्या शहरांतून कमी होत आहे, हे अशाच साध्या याद्यांमधून कळलं. त्यामुळे खांदा कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावरची यादीही वाया जाणारी नव्हती.

9 मे 2020 रोजी 'ग्लोबल बिग डे' झाला. जगातले बरेच देश घरात बंद असतानाही 50 हजारांहून अधिक लोकांनी त्या एका दिवसात नोंदी पाठवल्या. तोवरचा तो विक्रम होता.

पक्षी खरंच वाढले होते का?

त्या दिवसांत 'निसर्ग परत आला' हे वाक्य सगळीकडे होतं. नवी मुंबईच्या पाणथळींवर पसरलेल्या गुलाबी रोहितपक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो जगभर गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी त्यांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा सुमारे 25 टक्के जास्त असल्याचा अंदाज दिला. पण फ्लेमिंगो इथे लॉकडाऊनच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच येतात. त्यामुळे या वाढीचं कारण आधीच्या वर्षांतल्या चांगल्या विणीत शोधावं लागतं. महिनाभराच्या शांततेने पिल्लं मोठी होत नाहीत.

मग सोसायटीतले पक्षी जास्त का वाटले? एक कारण आवाजाचं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चिमणीएवढ्या एका गाणाऱ्या पक्ष्याचा अभ्यास झाला. वाहतूक थांबल्यावर तिथले पक्षी चक्क हळू गाऊ लागले होते, कारण गोंगाटावर मात करायची गरज उरली नव्हती. तरीही त्यांचं गाणं पूर्वीच्या दुप्पट अंतरावर पोहोचत होतं. सायन-पनवेल महामार्गालगत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं कारण आपण स्वतः. सकाळी सातला लोकल पकडणारा माणूस प्रथमच सकाळी सातला खिडकीत बसला होता. पक्षी जास्त दिसले यात पाहणाऱ्याचा वेळ किती आणि पक्ष्यांची वाढ किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. भारतातल्या 20 मोठ्या शहरांच्या ई-बर्ड नोंदींवर पुढे अभ्यास झाला. त्यात त्याच निरीक्षकांच्या आधीच्या आणि नंतरच्या याद्या ताडून पाहिल्यावरही लॉकडाऊनमध्ये अधिक जाती नोंदल्या गेल्याचं दिसलं. पण नोंद झालेल्या जाती वाढल्या म्हणजे पक्ष्यांची संख्या वाढली असं नव्हे.

लोक मरत असताना पक्षी मोजायचे?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. कर्नाळ्याच्या जंगलातून जाणारा तोच महामार्ग त्या दिवसांत कोकणातल्या गावी पायी निघालेल्या माणसांनीही पाहिला. त्यांना ना गॅलरी होती, ना मोकळा वेळ. घरात बसून पक्षी पाहता येणं ही चैन होती, हे मान्य करायला हवं.

पण काळजी करत बसल्याने कुणाचं भलं होत नव्हतं. दिवसभर रुग्णांचे आकडे पाहणाऱ्या माणसाला वाढतच जाणाऱ्या आकड्यापुढे काही करता येत नव्हतं. 15 मिनिटांच्या यादीला निदान सुरुवात आणि शेवट होता. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सदस्याची सकाळची यादी आली नाही, तर कुणीतरी फोन करायचं निमित्त होतं. पक्षी मोजता मोजता माणसंही मोजली जात होती.

पुढे काय झालं?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि जिल्हाभर असंख्य झाडं पडली. त्या वर्षी नवरंगाचं आगमन अनेकांनी नुसतं आठवलं. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने प्रथमच 5 ते 12 नोव्हेंबर हा 'पक्षीसप्ताह' जाहीर केला. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा.

कर्नाळा आता पुन्हा उघडं आहे आणि रविवारचा गजरही वाजतो. पण त्या काळातली एक सवय आजही कुणालाही लावून घेता येईल. दुर्बीण नसली तरी चालेल. उद्या सकाळी 15 मिनिटं खिडकीत बसा आणि जे दिसेल ते लिहा. सुरुवात कावळ्यापासून केली तरी हरकत नाही.