नियम चार तिकिटांचा, उचलली १०१२!

"एका ग्राहकाला दोनच नग" अशी पाटी लावणं सोपं आहे. ती पाळली जाते का, हे कोण बघतं?

न्यूयॉर्कमधलं उदाहरण बघा. डिसेंबर २०१४ मध्ये यू-टू बँडच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमाची ऑनलाइन विक्री सुरू झाली. एकाला चारच तिकिटं, असा नियम. तरी एका दलालाने बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारं सॉफ्टवेअर वापरून एका मिनिटात १०१२ तिकिटं उचलली.

डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत बॉट्स ॲक्ट आला. वेबसाइटची मर्यादा चुकवून तिकिटं घेणं बेकायदा ठरलं. पण पहिली कारवाई व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं! तीन दलालांनी खोटी खाती उघडून दीड लाखाहून जास्त तिकिटं घेतली होती. दंड ३.१ कोटी डॉलरच्या वर लागला. तेवढी ऐपत नाही म्हणून ३७ लाखांवर भागलं.

तुम्ही म्हणाल, माल तर विकला गेला ना? हो, पण वरचा नफा दलालाने नेला आणि रिकाम्या हाताने परतलेला ग्राहक नाराज झाला तो विकणाऱ्यावर.

कायदा येईल तेव्हा येईल. तुमची पुढची ऑफर लावण्याआधी एवढं करा: एकच मोबाइल नंबर, एकच पत्ता, एकच कार्ड यांवर किती ऑर्डर आल्या ते तपासा, आणि मगच माल पाठवा. ज्याच्यासाठी ऑफर काढली, त्याच्याच हातात ती पडली पाहिजे.