वीस तारखेचा पैसा

दर महिन्याच्या २० तारखेला बितुआख लेउमीकडून मुलांचा भत्ता, म्हणजे कित्सबत येलादीम, बँकेत जमा होतो आणि २८ तारखेला वृद्धांचा. या दोन तारखा आपल्या घरोघरी पाठ आहेत. अलीकडे ठाण्याला किंवा अलिबागला फोन केला की तिकडूनही असाच विषय निघतो: ‘लाडक्या बहिणीचा हप्ता आला का?’ स्वतःला नसेल तर घरी कामाला येणाऱ्या बाईला तो मिळत असतो. सरकार कमी मिळकतीच्या घरात धान्य किंवा कूपन न देता सरळ पैसाच देते तेव्हा त्या घरात काय बदलते, हे आपण दोन्ही देशांच्या उदाहरणांवरून पाहू.

आधी आपल्या इथले. राष्ट्रीय विम्याचा कायदा १ एप्रिल १९५४ पासून लागू झाला, आणि त्यात बाळंतिणीसाठी अनुदान होते. अट एकच, बाळंतपण इस्पितळात झाले पाहिजे. कोकणातल्या गावात सुईणीच्या हातून जन्मलेल्या आपल्या आजी-पणजींना ही अट नवलाची वाटली असेल, पण पैशाच्या ओढीने बाई डॉक्टरपर्यंत पोहोचत असे. १९५९ पासून मोठ्या कुटुंबांना चौथ्या मुलापासून भत्ता सुरू झाला. आपल्यात तेव्हा सहा-सात मुले असलेली घरे काही कमी नव्हती.

तरीही मुलांसाठीच्या मदतीचा एक मोठा भाग प्राप्तिकरातील सवलतीच्या रूपाने होता. इथेच खरी मेख आहे. सवलत मिळायला आधी कर भरावा लागेल इतका पगार हवा. दिमोनाच्या कापड गिरणीत काम करणाऱ्या सहा मुलांच्या बापाला मुळात करच लागत नसेल, तर सूट कशातून वजा करणार? म्हणजे ज्याचा पगार जास्त त्याला मदत जास्त. १९७५ साली मुलांमागची करसवलत रद्द करून त्याऐवजी प्रत्येक मुलासाठी रोख भत्ता सुरू झाला. कर भरणारा असो वा नसो, पैसा सारखाच आला आणि तो आईच्या नावाने आला. आमच्या मते इथल्या गरीब घरांच्या दृष्टीने ही त्या काळातली फार मोठी सुधारणा होती, जरी तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

आईच्या नावाने आल्याने काय फरक पडतो? ब्रिटनमध्ये १९७७ पासून असाच बदल झाला. बापाच्या पगारातली करसवलत काढून आईच्या हातात रोख भत्ता दिला गेला. घराची एकूण मिळकत फारशी बदलली नव्हती, फक्त पैसा एका खिशातून दुसऱ्या बटव्यात गेला होता. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी घरखर्चाचे आकडे तपासले, तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने बायकामुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. आपल्या बायकांना हे कळायला आकड्यांची गरज नाही, पण कागदावर सिद्ध झालेले बरे.

महाराष्ट्रातली योजनाही याच वाटेने जाते. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या, वर्षाला अडीच लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरातील स्त्रीला महिना १५०० रुपये तिच्या स्वतःच्या खात्यात मिळतात. दोन कोटींहून अधिक बायकांपर्यंत हा पैसा पोहोचला. १५०० रुपयांत घर चालत नाही, हे खरे. पण गॅसची टाकी येते, मुलाची शिकवणी येते, आणि नवऱ्याकडे मागून मिळालेले पैसे व आपल्या खात्यातून काढलेले पैसे यांत जो फरक आहे तो रुपयांत सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. हातावर पोट असलेल्या माणसाचे दुखणे नुसते कमी पैशाचे नसते, पैसा केव्हा येईल हे ठाऊक नसण्याचेही असते. मग मकोलेतच्या वहीत उधारी चढते, आणि उधारीवर घेणारा भाव करू शकत नाही. ज्याच्याकडे उधारी आहे त्याच्याच दुकानातून, तो म्हणेल त्या भावाने घ्यावे लागते. किलोकिलोने तांदूळ घेणारा गोणी घेणाऱ्यापेक्षा महाग खातो. ठरलेल्या तारखेला थोडी रक्कम येणार हे पक्के असले की वही वेळेवर मिटते, दुकान बदलता येते, शब्बाथची खरेदी शुक्रवारी सकाळच्या घाईत न करता आधी स्वस्तात करता येते. हप्ता लांबला तर हाच हिशेब उलटा फिरतो. तिकडे आधार खात्याशी जोडलेले नाही म्हणून हप्ता अडकलेली बाई, आणि इकडे खात्यातल्या ‘मिनुस’ने आलेला भत्ता त्याच दिवशी गिळलेली आई, दोघींचे दुखणे सारखेच आहे.

‘फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो, दारूत जातो,’ असे आपल्याही लग्नकार्यांत ऐकू येते. याचा शोध अनेक देशांत घेतला गेला आहे. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी अशा बऱ्याच पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च सरासरीने वाढलेला आढळला नाही. केनियाच्या सियाया भागात दहा हजारांवर गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर दिले गेले. तिथे तर ज्यांना काहीच मिळाले नाही त्या शेजाऱ्यांचीही मिळकत वाढली, कारण पैसा गावातच सुताराकडे, दुकानदाराकडे फिरला. महागाई मात्र नाममात्रच वाढली.

म्हणून भत्ता कितीही वाढवा, असे आम्ही म्हणत नाही. २००१ मध्ये इथे पाचव्या मुलापासून प्रत्येकी महिना साडेआठशेच्या आसपास शेकेल मिळू लागले होते. २००३ साली मोठी कपात झाली आणि १ जून २००३ नंतर जन्मलेल्या मुलाला, ते कितवेही असो, पहिल्या मुलाइतकाच, दीडशे शेकेलच्याही आतला भत्ता ठरला. कपातीचे समर्थक सांगतात की लोक कामाला लागले. काही घरांत जन्मही कमी झाले, असे अभ्यासकांना आढळले. पण पुढच्या काही वर्षांत गरिबीरेषेखालच्या मुलांचे प्रमाण वाढले, हेही तितकेच खरे. जी मुले आधीच जन्मली होती त्यांच्या ताटातले कमी झाले, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

२०१७ पासून ‘खिसाखोन लेखोल येलेद’ आहे. सरकार प्रत्येक मुलाच्या नावाने महिना ५० शेकेल (आता थोडे अधिक) बाजूला ठेवते, आणि आईबापांनी सांगितले तर भत्त्यातून तेवढेच आणखी. ज्याला भत्त्यावाचून भागते तो भर घालतो. ज्याची वही मकोलेतमध्ये आहे त्याला ते जमत नाही, आणि अठराव्या वर्षी दोन मुलांच्या हाती वेगवेगळ्या रकमा पडतात. निदान पैसा कुठे ठेवायचा, बँकेत की कुपत गेमेलमध्ये, हे तरी आपण निवडावे. त्याला जादा पैसा लागत नाही.

आपल्या समाजापुरता प्रश्न मात्र वेगळाच आहे. ज्या वृद्धांना पेन्शन नाही, अशांच्या भत्त्याला जोड म्हणून ‘हशलामत हखनासा’ ही भर मिळते. ती मिळकत आणि मालमत्ता पाहून दिली जाते, तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तिच्याबरोबर इतरही काही सवलती येतात. आपले कित्येक ज्येष्ठ हा अर्ज करत नाहीत. ‘आम्ही कधी कोणापुढे हात पसरला नाही,’ असे म्हणतात. पण ज्यांनी तीस-तीस वर्षे पगारातून बितुआख लेउमीचा हप्ता भरला, त्यांनी हात पसरला असे कसे म्हणायचे? दुसरी अडचण हिब्रू पत्राची. लिफाफा येतो, फोडला जातो, आणि फ्रिजवर ठेवला जातो. नातवंडांना हिब्रू येते, पण आजोबा त्यांना आपल्या पैशाचे काही दाखवत नाहीत.

ते पत्र घेऊन आपल्या गावच्या सनीफमध्ये जावे, सोबत तेऊदत झेहूत, बँकेचे कागद आणि हिब्रू वाचणारे कोणी तरी न्यावे. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागावे. कारण पटले नाही तर कामगार न्यायालयात दाद मागता येते, मात्र त्याला मुदत असते, म्हणून पत्रावरची तारीख पाहावी. आणखी एक. ही भर घेणाऱ्याचा परदेशातला मुक्काम लांबला तर ती थांबते. तेव्हा हिवाळ्यात मुंबईला बहिणीकडे जाण्याचा बेत असेल, तर किती दिवस चालतील हे तिकीट काढण्याआधी शाखेत विचारून घ्यावे.