विजेची हत्यारे आणि आपली सुरक्षितता

ट्रस्टच्या मदतीने ड्रिल मशीन वा ग्राइंडर घेऊन पोटापाण्याच्या उद्योगास लागलेले तरुण आज आपल्या अनेक सभासदांच्या घरांत आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत चार दिवस उमेदवारी करून कोणी ग्रिलकाम धरतो, कोणी फर्निचर. यंत्र घरी आले की पेढे वाटले जातात. पण त्याचा प्लग कोणत्या बोर्डात बसणार, ही चौकशी कोणी करीत नाही. ती आम्ही येथे करू इच्छितो.

पहिला गैरसमज फ्यूजविषयीचा. "मेनला एम.सी.बी. आहे, मग भय कसले?" असे सुशिक्षित पालकही आम्हांस विचारतात. फ्यूज काय किंवा एम.सी.बी. काय, ती तारांच्या रक्षणासाठी असते, माणसाच्या नव्हे. वर्गात शिकवतो त्याच ओहमच्या नियमाने हिशेब करू. घरातील दाब २३० व्होल्ट. घामाने भिजलेल्या अंगाचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर अंगातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला त्याची खबरही लागत नाही. हृदयाची लय बिघडण्यास मात्र याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. शिवाय १० मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आवळू लागतात आणि पकडलेले यंत्र सोडू म्हटले तरी सुटत नाही.

यावर पहिला बंदोबस्त अर्थिंगचा. थ्री-पिन प्लगची एक पिन इतर दोहोंपेक्षा लांब व जाड असते ती उगीच नव्हे. प्लग घालताना ती आधी लागावी व काढताना शेवटी सुटावी, अशी ती योजना आहे. ही पिन कापून टाकणारे, किंवा उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणारे उस्ताद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. कित्येक जुन्या घरांत तर बोर्डावर तिसरे भोक असते आणि त्यामागे तारच नसते! ज्या यंत्रावर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात, त्यास दुहेरी इन्सुलेशन असते. त्याला दोनच पिना असणे हा दोष नव्हे. पण तेच यंत्र भिजले किंवा तडकले, तर त्या चौकोनांवर विसंबू नये.

दुसरा बंदोबस्त आर.सी.सी.बी.चा. जाणारा व परतणारा प्रवाह ती सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की अर्ध्या सेकंदाच्या आत वीज तोडते. आपल्याकडील पावसाळ्यात, ओल्या फरशीवर काम करणाऱ्यास हीच खरी राखण. एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागला, तर मात्र तिला गळती दिसत नाही व ती वाचवीत नाही. तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला नाही तर ती बदलावी. यंत्रासाठी मदत मंजूर करताना विश्वस्तांनी हिचा व चष्म्याचा खर्चही त्यात धरावा, अशी आमची विनंती आहे.

चष्म्याचे कारण ग्राइंडर. चार इंची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरने पळते. लवकर उरकावे म्हणून गार्ड काढून त्याच यंत्रावर सात इंची चकती चढवण्याची खोड अनेकांना आहे. ती चकती साधारण ८,५०० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. तिच्यावर वेगाची मर्यादा सेकंदाला ८० मीटर अशी छापलेली आढळते. या यंत्रावर तिची कड १०० मीटरच्याही पुढे जाते. मग चकती फुटते, आणि तुकडे कोणाकडे जातील याचा नेम नसतो. दातेरी लाकूडकापी पाते ग्राइंडरला लावणे तितकेच वाईट. ते लाकडात अडकले की सारे यंत्र उसळून अंगावर येते.

ड्रिल त्या मानाने गरीब दिसते, पण त्याची ओढ जबर. लोंबती बाही, गळ्यातील मफलर, ओढणीचे टोक फिरत्या बिटाला लागले की क्षणात गुंडाळले जाते. सुती हातमोज्याचेही तेच होते, म्हणून ड्रिल चालवताना तो घालू नये. बीट बदलायचे असेल तर नुसता खटका बंद करून भागत नाही. प्लग काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवावा.