पापक्षमा, ख्रिस्ती
पापामुळे मनुष्य व ईश्वर यांच्यातील तुटलेला संबंध ईश्वराच्या कृपेने पुन्हा जुळणे, या अर्थी ख्रिस्ती धर्मात ही संज्ञा वापरली जाते. पाप म्हणजे केवळ नियमभंग नव्हे किंवा विटाळही नव्हे. प्रेमळ पित्याकडे फिरविलेली पाठ असे त्याचे स्वरूप मानलेले आहे. म्हणूनच लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत या विषयाचे सार समजला जातो. त्यात पुत्र आपला अपराध पुरता बोलून दाखविण्यापूर्वीच पिता धावत जाऊन त्याला मिठी मारतो. क्षमा ही कमाई नसून देणगी आहे व ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणामुळे ती सर्वांना खुली झाली आहे, ही श्रद्धा, तसेच पश्चात्ताप व पापनिवेदन हे तिच्या स्वीकाराचे मार्ग होत. पश्चात्ताप हा मराठी शब्द मागाहून होणारी मनाची जळजळ सुचवितो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा रोख मात्र मन पालटण्यावर आहे. नुसती हळहळ ख्रिस्ती अर्थाने अपुरी ठरते.

प्रारंभीच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याने पूर्वीची सर्व पापे धुतली जातात असे मानीत. त्यानंतर घडलेल्या खून, व्यभिचार, धर्मत्याग यांसारख्या घोर पापांसाठी सार्वजनिक व दीर्घ प्रायश्चित्त असे, आणि तेही साधारणतः आयुष्यात एकदाच मिळे. त्यामुळे बाप्तिस्माच मृत्युशय्येपर्यंत लांबणीवर टाकण्याची प्रवृत्ती बळावली. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासी धर्मगुरूंनी खाजगी व पुनःपुन्हा करता येण्याजोगे पापनिवेदन रूढ केले. प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ पापे कबूल करावीत, असे चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये ठरविले. रोमन कॅथलिक पंथात हा सात संस्कारांपैकी एक होय. मनापासून अनुताप, पापांचा स्पष्ट उच्चार व सांगितलेल्या प्रायश्चित्ताचे आचरण ही पापी व्यक्तीची त्रिविध कृती ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये निश्चित केली. मात्र पापमोचनाचे वचन धर्मगुरू ख्रिस्ताच्या नावाने उच्चारतो. त्याने ऐकलेली गोष्ट कोणत्याही परिस्थितीत उघड करावयाची नसते. १९७३ च्या सुधारित विधीत या संस्काराची समेट ही बाजू अधिक ठळक करण्यात आली. गोव्यात या विधीला कुमसार म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांच्या काळात तेथे रुजला. मराठीत ख्रिस्ती तत्त्वांची मांडणी प्रथम मोठ्या प्रमाणावर फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात (१६१६) झाली. मनुष्याचे पतन व तारणाऱ्याचे आगमन हा त्या ग्रंथाचा कणा असून तो ओवीबद्ध आहे. मराठवाड्यातील कॅथलिकांसाठी औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला.

मार्टिन लूथर (१४८३–१५४६) याचा १५१७ मधील विरोध पापनिवेदनाला नव्हता, तर दंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीला होता. मनुष्य केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो, हे त्याचे प्रतिपादन. प्रॉटेस्टंट पंथांत धर्मगुरूजवळचे निवेदन सक्तीचे राहिले नाही; उपासनेत सर्वांनी मिळून करावयाची कबुली व एकांतातील प्रार्थना यांना महत्त्व आले. मात्र याकोबाच्या पत्रातील परस्परांजवळ पापे कबूल करण्याचा उपदेश कोणत्याच पंथाने टाकून दिलेला नाही.

महाराष्ट्रात या कल्पनेची गाठ जुन्या प्रायश्चित्तविचाराशी पडली. धर्मशास्त्रातील प्रायश्चित्त हे शुद्धीचे विहित कर्म असून ते दिल्या-घेतल्याने जातीतील स्थान परत मिळते. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) त्याला परत घेण्याच्या बाजूचे होते. एका घरातील दोन भावांपैकी एकाने क्षमा शोधली, तर दुसऱ्यासाठी शुद्धी शोधावी लागली. पुढे नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यातील जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. तेथील बरेचसे लोक मांग जातीचे होते. आपले हीनत्व हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले, त्यांच्या दृष्टीने पाप सर्वांचे सारखे व क्षमाही सर्वांना सारखीच, या शिकवणुकीचा अर्थ मुंबईच्या शिक्षितांना वाटे त्याहून निराळा होता. या धर्मांतरांच्या विवेचनात ही बाजू अनेकदा निसटते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा अनुभव या दृष्टीने विशेष बोलका आहे. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना सुमारे आठ वर्षे वाटत राहिले. हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचल्यानंतर १८९१ च्या सुमारास त्यांची खात्री पटली, की पापाचा भार स्वतःच्या पुण्याने उतरवावयाचा नसून तो ख्रिस्ताच्या स्वाधीन करावयाचा आहे. बालपणी आईवडिलांबरोबर देशभर तीर्थयात्रा केलेल्या व १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांना गमावलेल्या या विदुषीला व्रते, दाने व स्नाने यांची व्यर्थता जाणवणे स्वाभाविक होते.

केडगाव येथील त्यांच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जूनअखेर पुनरुज्जीवनाची लाट आली. वेल्समधील १९०४ च्या जागृतीच्या वार्ता तेथे पोहोचल्या होत्या आणि रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुलींचा एक गट आधीच तयार केला होता. दुष्काळातून व वैधव्यातून आलेल्या या मुली मोठमोठ्याने रडून सर्वांदेखत आपली पापे सांगू लागल्या; काही काळ नेहमीचे वर्ग बंद पडले. नंतर त्यांच्या तुकड्या आसपासच्या गावांत प्रचारासाठी जाऊ लागल्या. काही मिशनऱ्यांनी या भावनावेगाबद्दल नापसंती दर्शविली. भारतीय स्त्रियांनी पाश्चात्त्य शिस्तीतच प्रार्थना केली पाहिजे असा आग्रह का, असा रमाबाईंचा त्यांना प्रतिप्रश्न होता. उघड कबुलीत अतिरेकाचा व अनुकरणाचा धोका असतोच; परंतु स्वतःविषयी बोलण्याची मुभा ज्यांना कधी मिळाली नव्हती, त्या मुलींना ती या निमित्ताने मिळाली.