सलून बंद, दुकान चालू

सकाळी ९
सलूनवाल्यांची सुट्टी सोमवारी, म्हणून त्या दिवशी आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. नांदेडच्या वजिराबादेत शटर अर्धं वर गेलं की पायरीवर पिशव्या घेऊन दोघं-तिघं बसलेले असतातच. गुरुद्वाऱ्याच्या गावात केस कापायच्या मशीन दुरुस्तीचा धंदा चालतो कसा, असं पाहुणे हसून विचारतात. लोहा, कंधार, मुदखेड, भोकर इथली सलूनं कुठं जाणार? नांदेडलाच येतात.

१०
निम्म्या मशिनींना पार्ट लागतच नाही. दातांत केस, त्यावर केसांना लावायचं तेल. थंडीत तर खोबरेल घालून आणलेली मशीन हमखास. गारठा पडला की खोबरेल थिजतं आणि दोन्ही पाती एकमेकांना चिकटतात. गिऱ्हाईक म्हणतं, "मालक, ब्लेड गेलंय, बदलून टाका." पाती सोडवायची, पुसायची, शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन थेंब. ब्लेड विकलं असतं तर चार पैसे जास्त सुटले असते. पण आठ दिवसांनी खोबरेल पुन्हा चिकटलं असतं आणि बोल माझ्या ब्लेडला लागला असता.

११:३०
लोह्याकडच्या एका खेड्यातले काका आले. जुनी कॉइलवाली मशीन, ब्लेड मात्र कोरं. "नवं ब्लेड टाकून बी केस ओढायलीय." लावून पाहिली तर झकास चालली. काका चकित. "इथं कशी चाललीय मग?"

ह्या मशीनमध्ये फिरणारी मोटर नसते. कॉइल लोखंडी पट्टीला ओढते, स्प्रिंग तिला मागं नेते, तेवढाच खेळ. लाइट ५० हर्ट्‌झची, एका फेरीत दोनदा ओढ, म्हणजे पातं सेकंदाला १०० वेळा, मिनिटाला ६,००० वेळा सरकतं. अमेरिकेत लिओ वॉलनं १९१९ साली पेटंटला अर्ज केला तो ह्याच चुंबकी मशीनचा, आणि आतला जीव अजून तोच आहे. तिची सगळी ताकद व्होल्टेजवर. काउंटरवरच्या डिमरस्टॅटची मूठ २३० वरून १७० वर आणली. आवाज बसला, पातं लुळं पडलं. एवढ्यानं ओढ जवळपास निम्मी होते. काका बघतच राहिले. "सांच्याला अशीच होती की!"

काकांच्या दुकानात पंखा, बल्ब, टीव्ही सगळं एकाच बारीक वायरवर, तीही शेजारच्या घरातून ओढलेली. मूठ परत २३० वर नेली, मशीनच्या बाजूचा पॉवर स्क्रू खडखड सुरू होईपर्यंत फिरवला आणि ती थांबेल एवढाच उलटा घेतला. कमी व्होल्टेजला जुळवून दिली असती तर पूर्ण लाइट आल्यावर ती ठोके देत सुटली असती. काकांना ब्लेड नाही, वायर घ्यायला पाठवलं.

दुपारी २
लातूरहून एसटीच्या पार्सलनं खोकं आलं. क्लासेसच्या भागातलं सलून. नीटची पोरं संध्याकाळी क्लास सुटला की रांगेनं बसतात. सगळ्या चार्जिंगच्या मशिनी. बहुतेकींत १८६५० सेल, १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो, पण मोटर लावली की धापकन खाली येतो; असा सेल काढायचाच. पट्ट्या लावून आलेला नवा सेल घेतो, कारण सेलच्या अंगावर सोल्डरिंगची उष्णता देणं धोक्याचं. जुन्या लॅपटॉपचे स्वस्त सेल कुणी आणून दिले तरी बसवत नाही. आणि जुन्या मशीनमध्ये १.२ व्होल्टचा निकेल सेल असेल तर तिथं लिथियम चालत नाही, तिचं चार्जिंगच वेगळं.

४:३०
ब्लेड बसवायचं काम उन्हं कलल्यावर, डोकं शांत असताना. खोक्यावरच्या नावाला मी किंमत देत नाही. जुनं पातं नव्यावर ठेवतो. दोन्ही स्क्रूंची भोकं जुळली पाहिजेत आणि सरकत्या पात्याची खाच मशीनच्या दांड्यात बसली पाहिजे. आणि जोडी बदलायची ती पूर्ण. एकच पातं बदलून पैसे वाचवणारे परत येतात, कारण एकमेकांवर घासून बसलेली पाती नव्याशी जमवून घेत नाहीत.

स्क्रू अर्धवट आवळून मशीन उजेडाकडं धरायची. सरकत्या पात्याचे दात खालच्या पात्यापेक्षा साधारण ०.८ मिमी मागं आणि दोन्ही रेषा समांतर. मग एकदा हा स्क्रू, एकदा तो, थोडा थोडा. एकच गच्च आवळला की पातं तिरकं झालंच. शेवटी स्वतःच्या मनगटावर फिरवून बघतो. डाव्या हातावर माझ्या केस टिकत नाहीत.

७
तरुण कारागिरांची वेळ. "भैया, एकदम झिरो करून द्या." दात अगदी कडेला आणले की फेड सुरेख येतो, खरं आहे. पण रविवारच्या गर्दीत कुणाच्या कानामागं रक्त आलं की मशीनला शिव्या. दाढीच्या ट्रिमरला झिरो देतो, डोक्याच्या मशीनला देत नाही. रुसून दुसरीकडं गेलेलेही आहेत.

८:३०
लातूरचं सलून उद्या सकाळी उघडणार, म्हणून खोकं आजच निघालं पाहिजे. वर चिठ्ठी: "तिघींत सेल नवे. चौथीची मोटर गेली, तिच्यावर खर्च करू नका. तिचे कंगवे चांगले आहेत, ठेवून घ्या. खोबरेल कुणीही घालू नये."