टाकी मोठी म्हणून संगणक गार?

संगणक चालू असताना त्याच्या मागच्या जाळीसमोर हात धरला, तर गरम हवा लागते. संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्यातली बरीचशी एकट्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे जेमतेम काही चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यात तयार होते. १०० वॅटच्या जुन्या दिव्याची उष्णता पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेतून बाहेर पडते आहे अशी कल्पना करा. ती तिथून हलवली नाही, तर प्रोसेसर आपला वेग कमी करतो किंवा संगणक बंद पडतो.

बहुतेक संगणकांत हे काम पंखा करतो. पण हवेपेक्षा पाणी कितीतरी चांगला हमाल आहे. एकाच आकारमानाची हवा आणि पाणी घेतले आणि दोघांचे तापमान १ अंशाने वाढवायचे ठरवले, तर पाण्याला सुमारे ३५०० पट उष्णता द्यावी लागते. म्हणून मोठ्या यंत्रांत जलशीतन फार पूर्वीच आले. आयबीएमच्या १९८० साली जाहीर झालेल्या ३०८१ या संगणकात पाणी खेळवले जात होते. आज अनेक महासंगणक आणि हौशी लोकांचे घरगुती संगणकही असेच थंड ठेवले जातात.

चक्र कसे चालते?

प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवलेला असतो. त्यातून जाताना पाणी उष्णता उचलते, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांतून ती हवेला देते, टाकीत येते आणि पंप ते पुन्हा ठोकळ्याकडे ढकलतो.

पाणी मिनिटाला ३ लिटर, म्हणजे सेकंदाला ५० घन सेंटिमीटर या दराने फिरते असे धरू. १०० वॅट म्हणजे सेकंदाला १०० ज्यूल. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढायला ४.१८ ज्यूल लागतात. म्हणून ठोकळ्यातून जाताना पाणी १०० ÷ (५० × ४.१८), म्हणजे साधारण अर्धा अंशच तापते! चक्रातले सगळे पाणी जवळजवळ सारख्याच तापमानाला असते.

टाकी काय करत नाही?

आता वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : अर्ध्या लिटरऐवजी ३ लिटरची टाकी बसवली, तर संगणक अधिक थंड राहील का? बहुतेक हात वर जातील. उत्तर सांगण्याआधी हा प्रयोग करू या.

एक अरुंद बाटली आणि एक रुंद डबा घ्या. दोन्हींना तळापासून सारख्याच उंचीवर, एकाच तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा. अरुंद बाटली नळाच्या बारीक धारेखाली ठेवा. पाणी चढत जाईल आणि एका उंचीवर थांबेल, कारण पाणी जितके उंच तितकी भोकातून धार जोरात. जेवढे येते तेवढेच जाऊ लागले, की पातळी स्थिर होते. खूण करा. आता नळाला हात न लावता त्याच धारेखाली रुंद डबा ठेवा. या वेळी बराच धीर धरावा लागेल. पण पातळी थांबेल ती पहिल्याच उंचीवर!

पाण्याच्या जागी उष्णता आणि पातळीच्या जागी तापमान घाला. नळ म्हणजे प्रोसेसर, भोक म्हणजे रेडिएटर आणि डब्याची रुंदी म्हणजे टाकीतले पाणी. मोठ्या टाकीमुळे अंतिम तापमान बदलत नाही, तिथे पोचायला वेळ तेवढा जास्त लागतो. रेडिएटर बंदच पडला, तर चक्रातले १ लिटर पाणी मिनिटाला सुमारे १.४ अंशाने तापेल, ३ लिटर पाणी अर्ध्या अंशाहून किंचित कमी. मोठी टाकी सवड देते, गारवा नाही. टाकीच्या भिंतींतूनही थोडी उष्णता बाहेर जाते, पण रेडिएटरच्या मानाने ती नगण्य असते.

मग टाकी हवी कशाला?

तिचे खरे काम हवेशी आहे. चक्र भरताना नळ्यांत हवा अडकते. पंपाची फिरती चकती पाणी ढकलू शकते, हवा नाही. शिवाय अशा अनेक पंपांच्या आसाला वंगण म्हणून पाणीच लागते, ते कोरडे चालले तर झिजतात. म्हणून टाकी पंपाच्या वर असावी, म्हणजे पाणी आपल्या वजनानेच पंपात उतरते.

आता बुडबुड्यांचा हिशोब पाहू. नळीचा आतला व्यास १ सेंटिमीटर असेल, तर आपल्या चक्रातले पाणी तिच्यातून सेकंदाला सुमारे ६४ सेंटिमीटर वेगाने धावते. १ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर वर चढतो. नळीत तो वाहूनच जाणार. पण ८ सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या टाकीत तेच पाणी सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर खाली उतरते. इथे बुडबुडा प्रवाहाविरुद्ध चढून हवेत मिसळतो. मात्र ०.१ मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला अर्धा सेंटिमीटरच चढतो, म्हणून तो पुन्हा पंपात जातो. असे बारीक बुडबुडे एकमेकांना मिळून मोठे झाले, की मगच सुटतात. यावरून नियम मिळतो : टाकीत पाण्याचा वेग कमी हवा, म्हणजे ती रुंद हवी.

टाकीची परीक्षा

यासाठी विजेची गरज नाही. उंचावर एक बादली, मध्ये पारदर्शक बरणी, खाली दुसरी बादली ठेवा. वरून नळीने बरणीत पाणी सोडा आणि बरणीच्या तळाशी बसवलेल्या पारदर्शक नळीतून खाली जाऊ द्या.

१. येणाऱ्या नळीचे तोंड पाण्याच्या वर धरा, नंतर बुडवा. बाहेर जाणाऱ्या नळीत बुडबुडे केव्हा जास्त दिसतात?

२. येणारे तोंड जाणाऱ्या तोंडाजवळ न्या, मग दूर न्या. फरक टिपा.

३. पातळी हळूहळू कमी करा. एका उंचीला भोवरा पडतो आणि तो थेट हवा ओढू लागतो. बाहेर जाणाऱ्या तोंडावर प्लास्टिकच्या पट्ट्यांची फुली ठेवून पुन्हा पाहा. भोवरा ज्या पातळीला पडतो, तिच्या बऱ्याच वर टाकीची ‘किमान पातळी’ची रेघ हवी.

टाकी काठोकाठही भरू नये. २० अंशांवरून ४० अंशांवर गेलेले १ लिटर पाणी सुमारे ६ मिलिलिटरने फुगते. बंद चक्रात त्याला जागा मिळाली नाही, तर दाब सांध्यांवर येतो.

शेवटची परीक्षा गळतीची. संगणक बंद ठेवून फक्त पंप २४ तास चालवतात आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिपकागद ठेवतात. या काळात टाकीतली पातळी उतरली, तर लगेच घाबरायचे कारण नाही, कारण अडकलेली हवा सुटून तिची जागा पाणी घेते. निर्णय कागदावरून घ्यायचा. शुद्ध पाणी विजेचे दुर्वाहक असते, या भरवशावरही राहू नये. धातू आणि धूळ यांच्या संपर्काने त्यात आयन मिसळतात. म्हणूनच तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच चक्रात वापरत नाहीत, त्यांचा घट तयार होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

विद्यार्थ्यांना आता एक प्रश्न द्या : मातीच्या मोठ्या माठातले पाणी लहान माठापेक्षा अधिक गार होईल का? टाकीचे उत्तर इथे जसेच्या तसे लागू पडते का? वाद होऊ द्या, आणि निकाल तापमापीवर सोपवा.